मत्स्यपात्रांतील वनस्पति व दिव्याचा उजेड



गेल्या वर्षीं आमच्या वसतिगृहांतील मुलांनीं कांचेच्या एका लहान टांकींत हायड्रिला लावून चार मासे सोडले. झाडें लवकर वाढावीं या सदिच्छेनें त्यांनीं टांकी खिडकीच्या उन्हांत ठेविली व रात्रीं दहापर्यंत तिच्यावर एक मोठा दिवाही जळत ठेविला. तीन आठवड्यांत पाणी हिरवेंगार झालें, कांच शेवाळानें माखली, आणि एके सकाळीं दोन मासे मेलेले आढळले. मुलांस वेळीं अडविलें नाहीं हा दोष माझा. तेव्हां दिवा कसा निवडावा हें आतां तरी नीट सांगतों.

डच वैद्य यान इंगेनहाउझ यानें 1779 सालीं असें दाखविलें कीं, पाण्यांत बुडविलेल्या हिरव्या पानांवर उन्हांत प्राणवायूचे बुडबुडे जमतात. अंधारांत ते जमत नाहींत, उलट वनस्पति हवा दूषित करितात. आमच्या टांकींतील शेवाळही रात्रभर प्राणवायु घेत होतें, आणि तापलेल्या पाण्यांत तो मुळांतच कमी मावतो. मासे गुदमरले असावेत ते यामुळेंच.

मग अधिक उजेडाचा लाभ झाडांस कां झाला नाहीं? उजेड हा वनस्पतींच्या चुलींतील अग्नि समजा. परंतु शिजविण्यास शिधाही हवा. हा शिधा म्हणजे मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वायु. तो पाण्यांत हवेपेक्षां सुमारें 10,000 पट मंद गतीनें पसरतो. ज्या साध्या टांकींत तो बाहेरून सोडीत नाहींत, तेथें माशांचा श्वास व कुजणारा पाला यांपासून मिळेल तेवढाच पुरवठा. शिधा मोजका असतां अग्नि भडकविला तर झाडें वाढत नाहींत. थोडक्यांत भागविणारें शेवाळ मात्र माजतें.

म्हणून हायड्रिला किंवा व्हॅलिसनेरिया यांसारख्या साध्या वनस्पति असलेल्या 30 लिटरच्या टांकीस 4 ते 5 वॅटचा एलईडी दिवा पुरेसा होतो. वॅट हें विजेच्या खर्चाचें माप होय. उजेडाचें माप लुमेन. वेष्टनावर 400 ते 500 लुमेन व 6,500 केल्विन, म्हणजे दिवसासारखा पांढरा उजेड, असें छापलेलें पाहून दिवा घ्यावा. आरंभीं तो रोज 6 तास लावावा. महिन्यानंतर झाडांची स्थिति पाहून 8 तास. कांचेवर शेवाळ धरूं लागल्यास तास कमी करावे किंवा दिवा उंच टांगावा. देठ लांबट व पानें विरळ होऊं लागल्यास उजेड थोडा वाढवावा. टांकी उन्हापासून दूर असावी. नागपूरच्या मे महिन्यांत तर अवश्य. पाण्यांत हात घालण्यापूर्वीं दिव्याची पिन काढावी, आणि तारेस खालीं झोल ठेवावा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारें पाणी प्लगपर्यंत पोहोंचणार नाहीं.

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायांत देवानें प्रकाश निर्माण केला व लागलीच प्रकाश आणि अंधार यांची वांटणी केली. जीवमात्रास रात्रही दिवसाइतकीच हवी, हें आमच्या मुलांस दोन माशांनीं शिकविलें. त्यांनीं टांकी पुन्हां भरली आहे, आणि दिवा वेळेवर मालविण्याचें काम आतां तीं पाळीपाळीनें करितात.