साथीचे गणित

आमच्या बऱ्हाणपूरच्या आसमंतात केळीच्या बागा फार. एखाद्या बागेत चार रोपांच्या पानांवर पिवळे पट्टे उमटले, की मालकापुढे अवघड प्रश्न उभा राहतो. ती आजच उपटावीत, की सावरतील या आशेने आठ-पंधरा दिवस थांबावे? आपल्या हातांनी लावलेले रोप उपटणे जिवावर येते. या प्रश्नाचे उत्तर गणितात आहे, असे मी वर्गात म्हणालो, तेव्हा एका मुलाने विचारले, “सर, झाडाला काय बेरीज कळते?” त्याला जे उत्तर दिले, तेच आज सांगतो. त्यासाठी प्रथम मुंबईस जावे लागेल.

१८९६ साली मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे निदान झाले. ते करणारे डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगास हे मूळचे गोव्याचे. पुढे कित्येक वर्षे ही साथ हंगामाहंगामाने परतत राहिली. डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातील मुंबईच्या प्लेगमृत्यूंची आठवड्यावार नोंद उपलब्ध आहे. आरंभी मोजके मृत्यू. मग आकडा चढत चढत आठवड्यास सुमारे ९०० वर गेला, आणि चढला तसाच उतरला. शहरात लाखो माणसे शिल्लक असता साथ ओसरली कशी?

या कोड्यास १९२७ साली एडिंबरो येथील दोघांनी हात घातला. मॅकेंड्रिक हे हिंदुस्थानात वैद्यकीय सेवेत राहिलेले डॉक्टर. कर्मॅक हे रसायनशास्त्रज्ञ, प्रयोगशाळेतील स्फोटात दृष्टी गमावलेले. त्यांच्या विचाराचे साधे रूप असे: लोकांचे तीन गट करावेत. पहिला, ज्यांना रोग जडू शकतो त्यांचा, दुसरा, रोग्यांचा, तिसरा, जे बरे झाले किंवा दगावले त्यांचा. नवे रोगी किती होतील, हे पहिल्या व दुसऱ्या गटांच्या गाठीभेटींवर अवलंबून राहते.

समजा, आरंभी एक रोगी दोघांना रोग देतो. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. पण भोवतालचे निम्मे लोक रोगातून जाऊन तिसऱ्या गटात गेले, की त्याच्या दोन गाठींपैकी एक वाया जाते. आता एका रोग्यामागे एकच नवा रोगी होतो, आणि येथून साथ उताराला लागते. सर्वांना रोग होऊन गेल्यावरच ती थांबते, असे नाही. या हिशेबातून निघालेली वक्ररेषा मुंबईच्या आकड्यांशी चांगलीच जुळली.

परंतु येथे सावधगिरी हवी. मुंबईतला प्लेग मुख्यतः उंदरांचा. पिसवांमार्फत तो माणसांत येई. आपल्या सूत्रात हे सारे नीट बसत नाही, हे त्या दोघांनीही मान्य केले होते. पुढे २०१२ साली निकोला बाकाएर या फ्रेंच गणितज्ञाने उंदीर, पिसवा आणि ऋतुमान यांचा विचार करून तोच हिशेब पुन्हा तपासला. रेषा जुळली म्हणजे कारण सापडलेच, असे नव्हे. आकडे गणितज्ञाने मांडावेत; पण पिसू कोठे आहे, हे पाहायला गोदामातच जावे लागते.

आता बागेकडे परत येऊ. केळीवरील ‘हरण्या’ हा विषाणूचा रोग. मावा ही बारीक कीड तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. रोग जडलेल्या झाडाला बरे करणारे औषध नाही. समजा, असे झाड दहा दिवस उभे राहिले आणि तेवढ्यात दोन झाडांना रोग लागला. मग तेच झाड चौथ्या दिवशी उपटले, तर सरासरी एकापेक्षाही कमी झाडाला लागेल, आणि साथ आपोआप विझत जाईल. हे आकडे केवळ उदाहरणाचे. खरे आकडे प्रत्येक बागेत रोज झाडे मोजूनच कळतील. काहीच लक्षण नसलेले झाडही रोगी असू शकते, हेही त्यात धरावे लागेल. तरी दिशा स्पष्ट आहे: थांबण्याच्या प्रत्येक दिवसाची किंमत शेजारची झाडे देतात.

त्या मुलाला मी म्हणालो, “झाडाला बेरीज कळत नाही, खरे आहे. म्हणूनच ती आपण करायची.” दुसऱ्या दिवशी तो वही घेऊन आला. त्याने वडिलांच्या बागेतली पट्टे पडलेली झाडे ओळीओळीने मोजून आणली होती.