बोटभर आणला, हातभर झाला

घरात काचेची टाकी ठेवून तीत रंगीत मासे पाळण्याची हौस आमच्या चिरंजिवांची. तिचे पाणी बदलण्याचे काम मात्र, जगरहाटीप्रमाणे, तीर्थरूपांचे. काचेवर शेवाळ धरू लागले तेव्हा मी कंटाळलो आणि इथल्याच, म्हणजे नांदेडातल्या, एका दुकानदाराकडे गाऱ्हाणे घेऊन गेलो. त्याने बोटभर लांबीचा, करड्या अंगाचा, काचेला तोंड चिकटवून बसलेला एक प्राणी पिशवीत घालून दिला. "सकर आहे, सर. टाकी हाच साफ ठेवील." कोणता सकर, असे मी विचारले नाही. सकर म्हणजे सकर, अशी माझी समजूत. एरवी वर्गात समानार्थी शब्दांतल्या छटा शिकवणारा मी!

तीन वर्षांत तो बोटाचा हात झाला. शेवाळ खाई हे खरे. पण खाल्ले की त्याच्या दुप्पट घाण करी, आणि रात्री शेपटीच्या एका फटकाऱ्याने झाडेझुडपे उपटून ठेवी. कार्तिकाचे दिवस होते. आई म्हणाली, "अरे, मुक्या जिवाला कशाला कोंडून ठेवलंस? गंगेत सोड. पुण्य लागेल." आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. मलाही ते पटले. पुण्य आईला, सुटका मला. बादली घेऊन मी घाटाकडे निघालो.

वाटेत आमच्या महाविद्यालयातले प्राणिशास्त्राचे सर भेटले. त्यांनी बादलीत डोकावून पाहिले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "सर, हा नदीत सोडणार? आधी माझ्या प्रयोगशाळेत चला." त्या दुपारी मी जे शिकलो ते वाचकांच्या, विशेषतः ज्यांच्या दिवाणखान्यात अशी टाकी आहे त्यांच्या, कानांवर घालतो.

हे सारे मासे दक्षिण व मध्य अमेरिकेतले. आपल्या मांगूर-शिवड्यांचे ते दूरचे भाऊबंद. पण अंगावर हाडांच्या पट्ट्यांचे चिलखत आणि खाली वळलेले, वाटीसारखे चिकटणारे तोंड. शौकिनांच्या तोंडी यांचे नाव 'प्लेको'. ते 'प्लेकोस्टोमस'चे लघुरूप, आणि त्याचा ग्रीक अर्थ चुण्यांच्या तोंडाचा. 1758 साली लिनियस या महापंडिताने यांतल्या एकाला नाव दिले खरे, पण त्याला बसवले स्टर्जन माशांच्या पंगतीत. खुद्द लिनियसच जिथे चुकला, तिथे मराठीच्या मास्तराचे काय घेऊन बसलात!

सरांनी मासा काचेच्या उभ्या पात्रात सोडला आणि म्हणाले, "पाठीवरचा पर उघडला की छत्रीसारख्या काड्या मोजा." पुढचा जाड काटा सोडून मी मोजल्या : बारा. "संपले," सर म्हणाले. नऊ-दहा किंवा त्याहून अधिक काड्या भरल्या, की तो टेरिगोप्लिक्थिस. शब्दाची फोड केली तर पर, शस्त्र आणि मासा. हा दीड फुटाच्या घरात जातो आणि दहा-पंधरा वर्षे सहज जगतो. सातच काड्या भरल्या, तर तो हायपोस्टोमस असेल किंवा अँसिस्ट्रस. यांतला हायपोस्टोमसही चांगला दांडगा होतो, म्हणून नुसत्या सातावर विसंबू नये. मग मुस्कट पाहावे. अँसिस्ट्रसच्या मुस्कटाच्या कडेला चिलखत नसते, आणि वयात आलेल्या नराच्या नाकाडावर झुडपासारखे मांसल दशे फुटतात. मादीला ते नसतात, किंवा कडेला चारदोन असतात. दुकानातल्या पिलांत ही झुडपे दिसत नाहीत; तिथे काड्यांचाच आधार. हा बिचारा वीतभराच्या आत थांबतो. घरच्या टाकीला शोभतो तो हाच.

मग पोट पाहावे. मासा हातात धरून उलटा करू नये. त्याला त्रास होतो आणि आपल्या बोटांत काटे घुसतात. पात्र उचलून खालून पाहावे. पोटावर सुटे काळे ठिपके असले तर पार्डालिस. ठिपके एकमेकांना मिळून गांडुळांसारख्या नागमोडी रेघा झाल्या असल्या तर डिसजंक्टिव्हस. आमच्या स्वारीच्या पोटावर अर्धे ठिपके, अर्ध्या रेघा! सर हसून म्हणाले, "परदेशी पाण्यात जाऊन पसरले, की या दोघांचे संकर होतात. जातीवर पैज लावू नका." पाठीवर बिबट्याची नक्षी, शिडासारखा उंच पर आणि डोक्यामागे उंचवटा असेल तर तो गिबिसेप्स. दिसतो राजबिंडा, वाढतो मात्र राक्षसासारखा. आणखी एक फसवणूक : सोनेरी रंगाचा, चिलखताऐवजी खवल्यांचा जो 'सकर' विकतात, तो जायरिनोचाइलस. प्लेकोशी त्याचे नाते नाही, आणि मोठेपणी तो इतर माशांच्या अंगाला चिकटून त्यांना हैराण करतो.

जाती इतक्या निघाल्या, की शास्त्रज्ञांनी बारसे करीपर्यंत थांबायला नको म्हणून 1988 साली एका जर्मन मासिकाने छायाचित्रांना 'एल' अक्षर आणि क्रमांक द्यायला सुरुवात केली. आजही शौकीन त्याच क्रमांकांनी बोलतात. मासिकांची उठाठेव अगदीच वाया जात नाही, हे संपादकांनी नोंदवून ठेवावे!

"पण नदीत सोडले तर काय बिघडले?" मी विचारले. सर गंभीर झाले. हा मासा पाण्यातला प्राणवायू कमी झाला, की वर येऊन हवा गिळतो आणि पोटातून ती शोषून घेतो. पाण्याबाहेरही कित्येक तास तग धरतो. अंडी घालायला काठात खोल बिळे कोरतो, मग काठ ढासळतात. त्याचे काटे भोयांची जाळी फाडतात, आणि बाजारात त्याला कोणी विचारीत नाही. केरळात, बंगालात तो केव्हाच पसरला. 2020 साली वाराणसीजवळ खऱ्या गंगेतही सापडला. शेजारच्या तेलंगणात त्याला दय्यम चेपा, भुताचा मासा, म्हणतात, आणि हैदराबादच्या सीसीएमबीतल्या शास्त्रज्ञांनी पाण्याचे नुसते नमुने घेऊन, त्यांतल्या डीएनएवरून, पूर्व घाटातल्या तळ्यांत त्याचा माग काढला आहे. हे सारे कोणाच्या तरी दिवाणखान्यातूनच गेले. मला विष्णुपुरीचा जलाशय आठवला. त्याच पाण्यावर आमचे नांदेड जगते.

बादली घरी परत आली. आई म्हणाली, "म्हणजे सोडणं पाप, ठेवणं छळ. मग करायचं काय?" प्रश्न रास्त होता. लातूरला ताईच्या अंगणात सिमेंटचा मोठा हौद आहे. झाकणाची बादली मांडीत घेऊन एसटीने लातूर गाठले. ताईने कपाळाला हात लावला. "2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं तेव्हा आम्ही प्यालो, आणि त्या गावात तू मासा घेऊन आलास?" दाजी मवाळ. म्हणाले, "इथं नाही जमलं तर मांजरेत सोडू. गोदावरी तर वाचली!" मी नकाशा काढून दाखवला. मांजरा वळसे घेत कर्नाटक-तेलंगणातून फिरते आणि कंदकुर्तीला गोदावरीलाच मिळते. दाजी बराच वेळ नकाशाकडे पाहत राहिले.

अखेर हौदच ठरला. वर घट्ट जाळी बसवली, म्हणजे पावसात हौद भरून वाहिला तरी स्वारी नाल्यात जाणार नाही. हौदाचे घाण पाणी ताई लिंबाच्या आळ्यात घालते आणि लिंबे मात्र आम्हाला पाठवीत नाही. आई दर रविवारी फोनवर आधी माशाची चौकशी करते, मग लेकीची.

चिरंजिवांची टाकी रिकामी राहिली नाही. परवा पुन्हा त्याच दुकानात गेलो, पिलाची पिशवी उजेडासमोर धरली आणि काड्या मोजू लागलो. पिलू पर उघडीना; मी हटेना. पाच मिनिटे गेली. दुकानदार शेवटी म्हणाला, "सर, मासा घेताय की पेपर तपासताय?" सात भरल्या. मुस्कटही कडेला मऊ दिसले. पैसे देऊन घरी आलो.