चोणकासाठी रॉड घेताना

मानशीजवळ चोणक गरवायला जाणारी आपली मंडळी विचारतात, जड ल्यूर फेकायला रॉड कोणता घ्यावा? आम्ही सांगतो, आधी मुठीच्या वरची बारीक अक्षरे वाचा (बँकेतली सवय!). नुसत्या ‘हेवी’ शब्दावर जाऊ नका. प्रत्येक कंपनीचे ‘हेवी’ निराळे. तिथेच ल्यूरचे वजन छापलेले असते, ग्रॅममध्ये किंवा औंसात. एक औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम. ५० ग्रॅमचा नकली मासा फेकायचा तर २० ते ८० ग्रॅमचा रॉड बरा. १० ते ३० ग्रॅमचा रॉड जोर लावताच शेंड्याशी मोडू शकतो. उलट, फार ताठ रॉडने हलके ल्यूर लांब जात नाही, कारण रॉड वाकतच नाही. ‘फास्ट’ म्हणजे वेग नव्हे. रॉड मुख्यतः शेंड्याकडे वाकतो, एवढेच. होडीतून सात फूट पुरे, काठावरून आठ.