न्यायमूर्ती लोढा आणि मानद पदाची मुदत

डोंबिवलीत सराव करणारा होतकरू क्रिकेटपटू पुढे निवडला गेला, तर तो मुंबईकडून खेळतो. कारण ठाणे-कल्याणचा परिसर मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या कक्षेत येतो. पुण्याचा खेळाडू महाराष्ट्राकडून, तर नागपूरचा विदर्भाकडून उतरतो. एका राज्यात तीन संघटना, आणि क्रिकेट नियामक मंडळात तिघींना स्वतंत्र मत! या जुन्या व्यवस्थेलाच हात घालणारे न्यायमूर्ती म्हणजे राजेंद्रमल लोढा.

लोढा हे आडनाव ओसवाल व्यापारी घरांना अपरिचित नाही. १९४९ साली जोधपूर येथे जन्मलेल्या राजेंद्रमलजींचे वडीलही राजस्थान उच्च न्यायालयात न्यायाधीश होते. वकिलीनंतर १९९४ मध्ये ते न्यायमूर्ती झाले आणि सुमारे तेरा वर्षे मुंबई उच्च न्यायालयात राहिले. २०१४ मध्ये पाच महिने त्यांनी देशाचे सरन्यायाधीशपद भूषविले.

निवृत्तीनंतर जानेवारी २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सट्टेबाजी प्रकरणातील शिक्षा व मंडळाची सुधारणा ही दोन्ही कामे त्यांच्या समितीकडे सोपविली. न्या. अशोक भान आणि न्या. आर. व्ही. रवींद्रन हे सहकारी होते. जुलैमध्ये आयपीएलचे चेन्नई व राजस्थान हे संघ दोन वर्षांसाठी निलंबित झाले.

४ जानेवारी २०१६ च्या अहवालाचा गाभा मात्र पदाच्या मर्यादेत होता. तीन वर्षांची कारकीर्द, दोन कारकीर्दींमध्ये सक्तीची विश्रांती, सत्तरीनंतर निवृत्ती, मंत्र्यांना मज्जाव आणि एका राज्याला एकच मत, अशा त्या शिफारशी होत्या. त्याच वर्षी १८ जुलै रोजी न्यायालयाने त्या बहुतांशी मान्य केल्या. विरोधही तीव्र झाला. २०१८ मध्ये मुंबई, महाराष्ट्र व विदर्भ यांची मते परत मिळाली; २०२२ मध्ये विश्रांतीचा नियमही सैल झाला. वयाची मर्यादा आणि विश्रांतीचे तत्त्व मात्र टिकले.

हा विषय क्रिकेटपुरता नाही. देरासर, उपाश्रय, वसतिगृह यांचा कारभार मानद विश्वस्तच पाहतात. वेतन न घेणाऱ्यास ‘पुरे’ म्हणायचे कोणी, हा संकोच तेथेही असतो. अपरिग्रह केवळ धनाचा नसतो. सेवेने मिळालेले पदही वेळेवर सोडावे लागते. ठाणे-कल्याण-डोंबिवलीतील संघांनी येत्या वार्षिक सभेपूर्वी आपली घटना उघडून तीत मुदतीचे कलम आहे की नाही, एवढे अवश्य पाहावे.