बसरा नव्हे, बुसरा

सीरतच्या तासाला एक चूक दरवर्षी हमखास होते. प्रेषित मुहम्मद (स.) लहानपणी चुलते अबू तालिब यांच्यासोबत व्यापारी काफिल्यातून शामला गेले आणि बहीरा नावाच्या ख्रिस्ती राहिबाने त्यांना ओळखले, ही रिवायत सांगितली की मुले नकाशात इराकच्या बसरा शहरावर बोट ठेवतात. चूक त्यांची नाही. उर्दूत या दोन नावांत फरक शेवटच्या अक्षराचा. पण बसरा वसले हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत. बहीराचे बुसरा त्याहून कितीतरी जुने, दक्षिण सीरियात, जॉर्डनच्या सरहद्दीजवळ.

इ.स. 106 मध्ये रोमन सम्राट ट्राजनने नबाती अरबांचे राज्य खालसा केले, त्याचा 'अरेबिया' प्रांत केला आणि बुसराला राजधानी केले. रस्ते, कमानी, बाजार, हमामखाने उभे राहिले. सगळे काळ्या दगडात. तो दगड बेसॉल्ट, म्हणजे आपल्या सह्याद्रीचाच काळा पाषाण. लाकूड दुर्मिळ असल्याने तिथल्या गवंड्यांनी घरांची छतेसुद्धा दगडी फरशांची केली.

या सगळ्यात थोर आहे ते नाट्यगृह. दुसऱ्या शतकातले, सुमारे शंभर मीटर रुंद. अनेक ठिकाणी अशा नाट्यगृहांच्या पायऱ्या टेकडीच्या उतारावर बसवलेल्या असतात. इथे सपाट जमिनीवर कमानींचा डोलारा रचून पायऱ्या चढवल्या आहेत. माथ्यावरचे काही खांबही जागेवर आहेत. जगातल्या सर्वांत सुस्थितीतल्या रोमन नाट्यगृहांत त्याची गणना होते.

ते टिकले कसे? इ.स. 634 मध्ये बुसरा मुसलमानांच्या ताब्यात आले. शहर मोडले नाही, वापरात राहिले. हजरत उमर (रजि.) यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तिथल्या मशिदीत जुन्या इमारतींचे खांब आजही छत पेलतात. पुढे सलीबी फौजांचा धोका वाढला, तेव्हा सुलतान सलाहुद्दीनचे भाऊ अल-आदिल आणि त्यांच्या वारसांनी नाट्यगृहाभोवती भक्कम बुरूज बांधून त्याचा किल्ला केला. आतल्या पायऱ्या माती आणि नव्या इमारतींखाली गाडल्या गेल्या, आणि म्हणूनच वाचल्या. विसाव्या शतकात माती उपसली तेव्हा त्या जशाच्या तशा निघाल्या. मात्र रोमन पायऱ्या मोकळ्या करताना आतल्या अय्युबी इमारती पाडाव्या लागल्या, हे मला खटकते.

"रोमनांचे दगड, आपल्याला काय त्याचे?" असे एका पालकांनी मला विचारले होते. हाच विचार बंदूक हातात घेतो तेव्हा काय होते ते 2015 मध्ये तदमुर, म्हणजे पाल्मिरा येथे दिसले. दाइशने तिथली मंदिरे व कमान उडवली आणि त्या अवशेषांची चाळीस वर्षे देखभाल केलेले, ऐंशी ओलांडलेले संशोधक खालिद अल-असद यांना ठार केले. तेही मुसलमानच होते. यादवीची झळ बुसरालाही लागली. 2013 पासून युनेस्कोच्या धोक्यातील वारशांच्या यादीत त्याचे नाव आहे.

मी त्या पालकांना बुसराच्या हौदाबद्दल सांगितले. गावाच्या कडेला शंभर मीटरहून लांब असा एक प्राचीन दगडी हौद आहे. इस्लामपूर्व काळातला. दमास्कसहून हिजाजकडे निघालेले काफिले इथे थांबत, उंटांना पाणी पाजत, पखाली भरून घेत. लोक त्याला आजही 'बिरकत अल-हाज', हाजींचा हौद म्हणतात.