स्वप्नात असतानाच ‘हे स्वप्न आहे’ हे कळू शकतं का? ल्युसिड ड्रीमिंग नेमकं काय असतं?

पेपर हातात पडलाय आणि एकही प्रश्न ओळखीचा नाही. घाम फुटतो. तेवढ्यात आठवतं, ‘अरे, आपलं कॉलेज संपून तर चार वर्षं झाली. म्हणजे हे स्वप्न आहे!’

बहुतेकदा इथेच जाग येते. पण कधी कधी झोप मोडत नाही, स्वप्न चालू राहतं आणि ते स्वप्न आहे हेही कळत असतं. याला म्हणतात ल्युसिड ड्रीम. जगभरातल्या ५० वर्षांच्या अभ्यासांचा २०१६ मध्ये एकत्र आढावा घेतला गेला. त्यानुसार साधारण ५५ टक्के लोकांना आयुष्यात एकदा तरी असं स्वप्न पडतं.

पण हे खरं कशावरून?

ठळक स्वप्नं पडतात ती मुख्यतः झोपेच्या ‘रेम’ टप्प्यात. तेव्हा हातापायांचे स्नायू जवळपास बंद असतात, म्हणून स्वप्नात पळालो तरी आपण अंथरुणातच असतो. डोळे मात्र हलत असतात.

इंग्लंडच्या हल विद्यापीठात संशोधन करणाऱ्या कीथ हर्न यांनी १९७५ मध्ये याचाच उपयोग केला. अ‍ॅलन वर्स्ली यांनी आधी ठरल्याप्रमाणे स्वप्नातून डोळे डावीकडे-उजवीकडे फिरवून खूण केली. ती यंत्रावर उमटली आणि त्या वेळी ते झोपेत होते, हेही नोंदींतून दिसलं. पुढे अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या स्टीफन लाबर्ज यांनीही स्वतंत्रपणे हे दाखवून दिलं.

२०२१ मध्ये तर चार देशांतल्या संशोधकांनी झोपलेल्या माणसांना प्रश्न विचारले. ‘आठातून सहा गेले, किती उरले?’ एकाने झोपेतच डोळे दोनदा फिरवून बरोबर उत्तर दिलं. अर्थात, बरोबर उत्तरं आली ती साधारण १८ टक्के प्रयत्नांतच.

सराव कसा करतात?

१. स्वप्नांची वही: उशाशी वही ठेवा. डोळे उघडल्यावर मोबाइल घेण्याआधी जे आठवेल ते लिहा. स्वप्न आठवतच नसेल, तर त्यात जागं होतं की नाही हे कळणार कसं?

२. रिअ‍ॅलिटी चेक: दिवसातून काही वेळा स्वतःला खरंच विचारा, ‘मी आत्ता स्वप्नात आहे का?’ एखादी पाटी वाचा, नजर हटवा, पुन्हा वाचा. स्वप्नात मजकूर बरेचदा बदलतो.

३. माइल्ड पद्धत: ही लाबर्ज यांची. साधारण पाच तास झोपून उठायचं, नुकतं पडलेलं स्वप्न आठवायचं आणि ‘पुढच्या वेळी स्वप्न पडेल तेव्हा ते स्वप्न आहे हे मला आठवेल’ असं मनात घोळवत पुन्हा झोपायचं. रेम झोप पहाटेकडे वाढत जाते, म्हणून ही वेळ.

ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेड विद्यापीठाच्या २०१७ च्या अभ्यासात रिअ‍ॅलिटी चेक, मध्येच उठणं आणि माइल्ड या तिन्ही गोष्टी एकत्र करणाऱ्यांना साधारण १७ टक्के रात्री यश मिळालं. म्हणजे सहा रात्रींत एखादी. नुसत्या रिअ‍ॅलिटी चेकचा फारसा उपयोग दिसला नाही. त्यामुळे ‘एका रात्रीत शिका’ म्हणणारं रील समोर आलं, तर हा आकडा आठवा.

आणि किंमत?

किंमत झोपेची. रात्री एकला झोपून सकाळी आठची लोकल गाठणाऱ्याने पहाटे अलार्म लावला, तर जाणार आहे ती मुळातच अपुरी असलेली झोप. सराव करायचाच तर सुट्टीच्या आदल्या रात्री करा, रोज नको.

झोप अशी तुटत राहिली की काहींना स्लीप पॅरालिसिसही होतो. जाग येते, पण अंग हलत नाही, छातीवर कुणीतरी बसलंय असं वाटतं. हे भूत नव्हे. रेममधली स्नायूंची शिथिलता जागेपणीही क्षणभर रेंगाळलेली असते आणि ती आपोआप जाते.

ज्यांना भास होतात, खरं काय आणि मनातलं काय यात गोंधळ होतो किंवा त्यासाठी उपचार चालू आहेत, त्यांनी मात्र हा सराव डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

मग याचा उपयोग काय?

वारंवार भीतीदायक स्वप्नं पडणाऱ्यांसाठी संशोधक याकडे आशेने पाहतात. मागे लागलेली गोष्ट खरी नाही हे तिथल्या तिथे कळलं, तर भीतीची पकड सुटू शकते. पण त्यासाठी ल्युसिड ड्रीम जमायलाच हवं असं नाही. दिवसा, पूर्ण जागेपणी त्या स्वप्नाचा शेवट बदलून लिहायचा आणि तो रोज थोडा वेळ डोळ्यांसमोर आणायचा, ही मानसोपचारात वापरली जाणारी पद्धत आहे. तिला पहाटेचा अलार्म लागत नाही.