हरणाऱ्या संघाचा चाहता

भाताची कापणी आटोपली की रायगडच्या किनारपट्टीवर कबड्डीचा हंगाम सुरू होतो. अलिबाग, मुरूड, उरणकडे गावोगावी मैदाने आखली जातात, हॅलोजन लागतात, खालूबाजा वाजतो. आमच्या बौद्धवाडीचा संघही दरवर्षी उतरतो आणि बहुतेक वेळा पहिल्याच फेरीत बाद होतो. कित्येक वर्षे मी हा पराभव बघायला जातो आहे. घरची मंडळी विचारतात, "हरायलाच जातात, तर तुम्ही झोपमोड कशाला करता?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर दिले पाहिजे.

आमची पोरे दमाला कमी नाहीत. पण मोठ्या स्पर्धा आता मॅटवर होतात आणि आमचा सराव मातीवर. मॅटवर बूट लागतात, वळताना पाय वेगळा पडतो. पहाटे कामाला गेलेला मुलगा रात्री आठला परततो, तो सराव करणार कधी? एखादा चांगला चढाईपटू तयार झाला की पैसेवाला संघ त्याला घेऊन जातो. त्याला दोष कसा द्यावा? पोटाचा प्रश्न आहे.

मागच्या हंगामात मैदानात आमचे तिघेच उरले होते. लोण बसणार हे ठरलेलेच. समोरचा तगडा गडी चढाईला आला. कोपऱ्यातल्या पोराने त्याचा घोटा धरला, बाकीचे दोघे तुटून पडले. अव्वल पकड, दोन गुण! सामना आम्ही हरलोच, पण त्या क्षणी सगळी वाडी उभी राहिली होती.

हरणाऱ्या संघात उभे राहणे आपल्याला नवे नाही. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा क्रिकेट संघ इंग्लंडला गेला. प्रथम श्रेणीच्या १४ सामन्यांपैकी १० हरला, फक्त २ जिंकला. त्याच संघातल्या पळवणकर बाळू या चर्मकार गोलंदाजाने दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. ज्यांना पुण्यात खेळताना चहासुद्धा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळत होता, ते हे बाळू. मायदेशी परतल्यावर अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. तरुण भीमरावही त्यात सहभागी होते. संघ हरला म्हणून समाजाने पाठ फिरवली नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही. १९३७ च्या निवडणुकीत हेच बाळू काँग्रेसच्या तिकिटावर बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि पराभूत झाले. खेळाडूचा गौरव एका जागी, मत दुसऱ्या जागी. चाहता आणि भक्त यांत हाच फरक आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीचा धोका सांगितला, तो मैदानालाही लागू पडतो.

टीव्हीवरच्या चाहत्याला सोय असते. २०१५ साली प्रो कबड्डीत यू मुंबा जिंकला तेव्हा आमच्याकडे घरोघर केशरी जर्सी दिसत होत्या. पुढे संघ हरू लागला आणि त्या जर्सी पेटीत गेल्या. वाडीच्या चाहत्याला अशी पेटी नाही. मैदानात उतरतो तो आपलाच पुतण्या, आपलाच शेजारी.

म्हणूनच त्याने नुसत्या टाळ्या वाजवून चालणार नाही. जमलेल्या वर्गणीचा हिशोब कुठे आहे? चांगला पोरगा बाहेर बसवून नात्यातला का खेळवला? मुलींचा संघ अजून का नाही? हे विचारणाऱ्याला आमच्याकडे "फूट पाडणारा" म्हणतात. मलाही म्हटले आहे. तरीही विचारले पाहिजे, आणि विचारून झाल्यावर पुढच्या सामन्याला पुन्हा गेले पाहिजे. न विचारता जाणारा भक्त, विचारून घरी बसणारा टीकाकार. विचारतो आणि जातोही, तोच खरा चाहता.

या हंगामात आम्ही काही जणांनी मिळून सात जोड बूट घेतले आहेत. मॅट अजून दूर आहे. यंदाही कदाचित पहिल्याच फेरीत हरू. मी असेन तिथे, दोरीला टेकून. तुम्हीही आपल्या वाडीच्या मैदानावर जा.